हजार लिटरला अडीच ग्रॅम

"काका, थँक यू हं!" लिफ्टचं दार पायाने अडवून अश्लेषा म्हणाली. "या वेळी पाण्याला अजिबात वास नाहीये. आता आंघोळ केल्यावर स्विमिंग पूलमधून आल्यासारखं वाटत नाही. रिअली, मस्त मॅनेज केलंत तुम्ही." मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, हसलो, मान डोलावली. फाटकाशी तिची कॅब हॉर्न वाजवत होती, ती पळाली. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि बटण दाबायचं विसरून उभा राहिलो. दार आपोआप लागलं. पिशवीचं गार पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं आणि मी त्या पेटीत, तळमजल्यावरच, अजून मान डोलावत होतो. कौतुक झालं होतं. तीन वर्षांत कुणी माझं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं या शब्दांत. पाण्याला वास नाही. हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, एका म्हातारीच्या तोंडून, आणि तेव्हा ते कौतुक नव्हतं.

मला वास येत नाही. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यापासून येत नाही. त्या महिन्यात शालन आणि मी एकाच दिवशी तापलो, एकाच गाडीतून दवाखान्यात गेलो, आणि अकरा दिवसांनी मी एकटा परत आलो. डॉक्टर म्हणाले, वास सहा महिन्यांत येईल. आला नाही. फोडणी करपली तर डोळे चुरचुरतात तेव्हा कळतं, दूध नासलं तर ते चहात फुटतं तेव्हा कळतं. योगीराज, माझा मुलगा, गॅसची भीती म्हणून विजेची शेगडी देऊन गेला. तो के. आर. पुरमला राहतो, म्हणजे याच शहरात. पण मी राहतो त्या बसवनगुडीहून के. आर. पुरम याच शहरात आहे असं म्हणायला जीभ धजत नाही. रविवारी फोन करतो. पहिली दोन वर्षं विचारायचा, "पप्पा, वास आला का?" आता विचारत नाही. त्याचा दोष नाही. कुणाही माणसाला एकच प्रश्न किती रविवार विचारता येईल? बिल्डिंगमध्ये मात्र ही गोष्ट कुणालाच माहीत नाही. सुरुवातीला सांगण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून सांगितली नाही. आणि नंतर, विहीर उघडल्यावर, सांगण्यासारखी माणसं झाली तेव्हा सांगायची हिंमत राहिली नाही.

विहिरीचं असं झालं. या मार्चमध्ये बोअर आटलं आणि टँकरवाले फोन उचलेनात, तेव्हा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सोळा फ्लॅटची सभा भरली. बिल्डिंगच्या जागी पूर्वी कुणाचं तरी बैठं घर होतं, त्याची विहीर मागच्या बाजूला सिमेंटच्या झाकणाखाली पडून होती. ती उपसून घ्यावी असं ठरलं. पण पाणी शुद्ध कसं करायचं, किती औषध घालायचं, यावर सगळे मोबाइलमध्ये बघून वेगवेगळे आकडे सांगू लागले. मी मागच्या रांगेत होतो. तीन वर्षांत मी त्या सभांना जायचो ते निदान माणसांत बसायला मिळतं म्हणून; बोललो कधीच नव्हतो. त्या दिवशी कसा कोण जाणे, उभा राहिलो. म्हणालो, झाकणाच्या फटीतून दोरी सोडून मोजलंय मी, व्यास दोन मीटर चाळीस, पाणी तीन मीटर. म्हणजे तेरा हजार पाचशे पासष्ट लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तर चौतीस ग्रॅम. आठवड्याला एकदा. मग अश्लेषा, ती बिल्डिंगची सेक्रेटरी, पुण्याची पोरगी, टाळी वाजवून म्हणाली, "काका, यू आर हायर्ड!" आणि सगळे हसले, आणि मीही. दुसऱ्या दिवसापासून मी 'बावी अंकल' झालो. इथे कानडीत विहिरीला बावी म्हणतात. लिफ्टमध्ये माणसं माझ्याकडे बघून बोलू लागली. माझं नाव कृष्णात आहे हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नसेल, पण ते मला चालत होतं.

आकडे मला पाठ होते यात काही मोठेपणा नाही. इथे यायच्या आधी चिक्कोडी तालुक्यात मी चौतीस वर्षं आरोग्य सहाय्यक होतो. लस, हिवताप, जन्म-मृत्यूच्या नोंदी सगळं करायचो, पण खरं काम विहिरींचं. आमच्याकडे विहीर परसात मोजतात, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीत. सहा परस विहीर, दोन परस पाणी, असं. त्याचे मी मीटर करायचो. व्यासाचा वर्ग, त्याला तीन पूर्णांक चौदाने गुणायचं, चाराने भागायचं, पाण्याच्या खोलीने गुणायचं, घनमीटरचे लिटर करायचे, आणि मग साधं त्रैराशिक: हजाराला अडीच, तर एवढ्याला किती? सहावीतल्या पोराला येईल असं ते गणित. पण काठावर बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या आणि मी डोळे मिटून पुटपुटत उत्तर काढायचो, तेव्हा त्यांना वाटायचं डागदर मंत्र म्हणतोय. मलाही थोडं तसंच वाटायचं. वाटू दिलं, हे जास्त खरं.

फक्त त्या गणितात एक गोष्ट गृहीत असते. अडीच ग्रॅम म्हणजे जिवंत पावडरचे अडीच ग्रॅम. ब्लीचिंग पावडर मरते. दमट हवा लागली, तोंड उघडं राहिलं, की तिच्यातला क्लोरिन उडून जातो आणि मागे पांढरी भुकटी उरते, दिसायला तीच, वजनाला तीच. जिवंत आहे की मेलेली, हे आमच्या लोकांना कळतं ते एकाच गोष्टीने. पिशवी उघडायची, नाक जवळ न्यायचं. डोकं झटकन मागे आलं तर पावडर चांगली. विहीर उघडल्यावर पहिले काही आठवडे बिल्डिंगभर तक्रारी होत्या, की पाण्याला वास येतो, केसांना येतो, भाताला येतो. मी वरवर दिलगिरी दाखवायचो आणि आतून निश्चिंत असायचो. माझं नाक गेलं तर गेलं, सोळा घरांची नाकं माझ्यासाठी काम करत होती. मग तक्रारी थांबल्या. कधी थांबल्या ते मला सांगता येणार नाही. लोकांना सवय झाली असं मी समजलो. खरं सांगायचं तर, लोकांना आता मी आवडायला लागलो असं समजलो.

लिफ्टचं दार कुणीतरी बाहेरून उघडलं, तेव्हा मी घरी न जाता मागे पंपाच्या खोलीत गेलो. पाच किलोची पिशवी मोटारीशेजारी होती, रबर लावलेली, पण रबर सैल, आणि मोटारीच्या जोडातून गळणाऱ्या पाण्याने खालची फरशी ओली. 'पावडर कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.' हे वाक्य मी किती ग्रामपंचायतींना ऐकवलं असेल! आणि स्वतः पिशवी इथे ठेवली. घरात ठेवली असती तर उलट दर मंगळवारी ती हातात मिरवत चार लोकांसमोरून खाली येता आलं असतं. ठेवली ती आळसाने. पिशवी उघडून मी नाक आत घातलं आणि जोराने श्वास ओढला. शिंक आली, ती भुकटीची. बाकी काही नाही. भिंत हुंगावी तसं. पण त्याचा अर्थ काहीच नव्हता, मला तर पहिल्या दिवशीही तसंच लागलं होतं.

माझ्याकडे पाणी तपासायची पेटी होती. निवृत्त झालो तेव्हा कचेरीतून मागून घेतलेली, लाकडी, तिच्यात एक काळा कप आणि सहा पांढरे. पूर्वी विहिरीला किती पावडर लागेल हे या कपांनी ठरवायचे. पुढे नव्या नळ्या आल्या आणि पेटी अडगळीत गेली. सहावा कप फुटला होता, त्या जागी शालनचा चहाचा कप बसवलेला. मी पेटी माळ्यावरून काढली. दूध ओट्यावर तसंच राहिलं. पेजेचं पाणी आणि पेटीतलं आयोडाइड घालून खुणेचं द्रावण केलं. काळ्या कपात दोन ग्रॅम पावडर कालवली, खुणेपर्यंत पाणी घातलं, निवळू दिलं. पांढऱ्या सहा कपांत विहिरीचं पाणी. पहिल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा. आता अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात खुणेचे तीन थेंब घालायचे, आणि ज्या कपात पहिल्यांदा निळं येईल त्याचा आकडा धरून हिशोब करायचा. क्लोरिन असेल तर निळं येतं. नसेल तर पाणी पाण्यासारखं राहतं. नाकाचं काही काम नाही. ही पेटी दोन महिने माझ्या डोक्यावर, माळ्यावर होती. पण अडीच ग्रॅम पाठ होतं ना.

अर्धा तास स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो. सहा कप ओट्यावर ओळीने. आणि ती म्हातारी आलीच, मी बोलावलं नव्हतं तरी. यल्लव्वा तिचं नाव. गावाचं नाव मी घेत नाही. अठ्ठ्याण्णवचा जुलै, मला सडकून सर्दी, नाक चोंदून डोकं बधिर. पंचायतीच्या खोलीतून पावडर घेतली. त्या खोलीच्या कोपऱ्यात कौलातून पाणी गळत होतं ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. विहीर मोजली, चव्वेचाळीस हजार लिटर, एकशे दहा ग्रॅम, वहीत लिहिलं, सही केली, विहिरीत सोडलं. यल्लव्वा काठावर घागर घासत होती. म्हणाली, "डागदर, आज वास येईना की वो पाण्याला?" चार बायका बघत होत्या. मी वही तिच्यापुढे धरली. म्हणालो, "आज्जी, हिशोब केलाय. एकशे दहा ग्रॅम. बघा पाहिजे तर." तिला अक्षर येत नव्हतं. बायका हसल्या. ती म्हणाली, "सरी बाबा. तुमाला म्हाईत." आणि घागर भरून घेऊन गेली.

चौथ्या दिवशी गॅस्ट्रोची साथ. एकोणीस जण. यल्लव्वा टेम्पोतून तालुक्याला नेतानाच गेली. वरून साहेब आले, त्यांनी माझी वही तपासली. व्यास, खोली, लिटर, ग्रॅम, तारीख, सही. "रेकॉर्ड एकदम नीट आहे," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी ठेवू दिला. गणित बरोबरच होतं. म्हणूनच मला शिक्षा झाली नाही आणि म्हणूनच ते प्रकरण अजून संपत नाही. चूक गणितात असती तर मी ती कुठेतरी खोडून पुन्हा मांडली असती.

पण मला आज आठवलं ते हे नाही, हे रोजचंच आहे. आठवलं ते पावडर सोडली त्या दिवशीचं संध्याकाळचं. एरवी मी विहिरींवरून घरी आलो की शालन दारातच अडवायची. "थांबा थितंच!" नाक मुरडायची, हातभर लांब उभी राहून कपडे काढायला लावायची, मागच्या दगडावर हात धुवायला पाठवायची, आणि हात धुतले की स्वतः येऊन हुंगून बघायची. "अजून येतोय. धुवा आणि." आणि मग कधीतरी, "गेला. या आता आत." त्या दिवशी तिने अडवलं नाही. दारातून मी सरळ आत आलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आज इहिरीवर गेला न्हाईसा व्हय?" मी म्हणालो, गेलो होतो की. तिने जेवायला वाढलं. यल्लव्वा गेल्याची बातमी आली तेव्हाही काही बोलली नाही. त्यानंतर मी पंचायतीची पावडर वापरणं सोडलं. केंद्रातून डब्यात भरून घरी आणून ठेवायचो. आणि दर मंगळवारी मी निघालो, की शालन तो डबा माझ्या पिशवीतून काढायची, झाकण उघडून नाक आत घालायची, "शी!" करून डोकं मागे घ्यायची, झाकण लावायची आणि डबा परत द्यायची. मी चिडायचो. म्हणायचो, "एवढी किळस येते तर उघडतेस कशाला? याच पावडरवर घर चाललंय आपलं." ती म्हणायची, "जावा आता. उशीर हुतोय."

खुर्चीवर मी सरळ होऊन बसलो. किळस! वीस वर्षं मी त्याला किळस म्हणत होतो. तिला कळलं होतं. शर्टावरून कळलं होतं, पहिल्या दिवशीच, साथ यायच्या आधी. आणि एक शब्द न बोलता, माझी लाज माझ्याजवळ तशीच ठेवून, ती दर मंगळवारी माझ्यासाठी पावडर हुंगत होती. एका वर्षात बावन्न मंगळवार, तर वीस वर्षांत किती? हजार चाळीस. हे त्रैराशिक मला आज सुटलं, तीही गेल्यावर, नाकही गेल्यावर. मला तिचा राग आला. खरंच आला. सांगायला काय झालं होतं तुला, असं मी त्या चहाच्या कपाकडे बघून मोठ्याने म्हणालो. मग माझं मलाच ऐकू आलं, आणि मला कळलं की हा प्रश्न तिला विचारायचा नाहीच.

अर्धा तास झाला होता. प्रत्येक कपात खुणेचे तीन तीन थेंब घातले. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. तिसरा, चौथा. पाचव्यात काही आल्यासारखं वाटलं, ते माझ्या निळ्या शर्टाचं. सहावाही पांढराच. आशा वाईट असते. मनात आलं, खुणेचं द्रावणच बिघडलं असेल. संडास धुवायच्या ब्लीचच्या बाटलीतला एक थेंब सहाव्या कपात टाकला. शालनचा कप क्षणात निळाशार झाला. द्रावण चांगलं होतं. पावडर मेलेली होती.

आता काय करायचं ते अवघड नव्हतं. नवी पावडर आणायची, कपांनी तपासायची, विहिरीत सोडायची. कुणाला कळणारही नव्हतं. कप होते ना. यापुढे दर मंगळवारी दार लावून कप मांडले असते तर नाक नसलं तरी मी 'बावी अंकल' राहिलो असतो, मरेपर्यंत. वरच्या घरांत पिण्याच्या पाण्याला फिल्टर आहेत, त्यांना काही होणार नव्हतं. हा सगळा विचार मी व्यवस्थित केला, लपवत नाही. तो विचार करत खिडकीशी गेलो. खाली विहिरीच्या नळावर कस्तुरी कळशी भरत होती. ती वॉचमन महांतेशची बायको, अथणीकडची. फाटकाजवळच्या खोलीत राहतात ती दोघं आणि त्यांची नऊ महिन्यांची मुलगी. त्यांच्याकडे फिल्टर नाही. मुलगी तिच्या कडेवर होती आणि नळाच्या धारेत हात घालून तो तोंडात नेत होती.

मी जिन्यानेच गेलो. "कस्तुरी, ते पाणी पिऊ नको. पोरीला पाजू नको. घरात भरलेलं असेल तेही ओत."

"का वो अण्णा?" ती हसली. "तुमी पावडर टाकताय म्हणून तर भरवशानं पितोय आमी. टँकरचं बी पीत न्हाई."

"पावडर मेलीय."

"कवापासनं?"

अठ्ठ्याण्णवला साहेबांनी हा प्रश्न विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत का नाही ते सांगितल्याशिवाय 'माहीत नाही' एवढंच म्हणता येत नव्हतं. मी म्हणालो, "मला सांगता येत नाही. मला वास येत नाही, कस्तुरी. कशाचाच येत नाही. तीन वर्षं झाली."

तिने कळशी आडवी केली, पाणी फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आलं. मी ओरडा खायची तयारी केली होती. ती म्हणाली, "मग सांगायचं न्हाई व्हय अण्णा? मी हुंगून सांगितलं असतं की." आणि जरा थांबून, "दोन मंगळवार झालं, वास न्हवताच पाण्याला. मला वाटलं, वरच्या बायका वरडतात म्हणून तुमी कमी टाकताय. मोठ्या मान्साला कसं इचारायचं म्हणून गप ऱ्हायले."

मी विचारलं, पोरगी बरी आहे ना. ती म्हणाली, "काल दोनदा पातळ झालं. दात येतायत म्हणून आसंल." मी तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसलो आणि पोरीला मांडीवर घेतलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच सपाट झाली. टाळू खोल गेलेली नव्हती. जीभ ओली. डोळ्यांत पाणी होतं, कारण मी चिमटा काढला म्हणून ती रडायला लागली होती. चौतीस वर्षांत मुलाचं रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. घरून क्षार-साखरेची पाकिटं आणून दिली, पाणी उकळून गार करून त्यात कसं द्यायचं ते सांगितलं, आज तिसऱ्यांदा झालं तर मला हाक मार, आपण दवाखान्यात जाऊ, म्हणालो. "सरी अण्णा," ती म्हणाली. यल्लव्वासारखंच म्हणाली, पण हिचा माझ्यावर अजून विश्वास होता आणि तो मला खाली मान घालायला लावत होता.

ग्रुपवर लिहायला मला पाऊण तास लागला. तिथे सगळं इंग्रजीत चालतं. मी लिहिलं की निदान दोन आठवडे पाणी निर्जंतुक नाही, उकळून वापरा, चूक माझी आहे, मला वास येत नाही आणि ते मी लपवलं होतं. दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने विचारलं, मग आम्ही इतके दिवस काय पीत होतो? थोड्या वेळाने अश्लेषाचा फोन आला. "काका, डोन्ट वरी, आमच्याकडे आरओ आहे सगळ्यांकडे. पण तुम्ही सांगायचं होतंत ना? मला किती गिल्टी वाटतंय, मी सकाळी थँक यू म्हणाले!" मग आवाज जरा खाली आणून, "मी काय म्हणते, आपण ऑटोमॅटिक डोसिंग पंपच बसवून घेऊ या का? सेन्सर असतो त्यात. तुम्हालाही या वयात उगाच त्रास नको." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी म्हणालो, "सरी." 'बरं'च्या जागी कानडी शब्द तोंडात आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की पंप येईल तेव्हा मंगळवारला पुन्हा काही काम उरणार नाही. मला खूप वाईट वाटलं. ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सांगतो.

दुपारी गांधी बाजारात जाऊन नवी पावडर आणली, झाकणाचा डबाही आणला. कस्तुरीला हाक मारली. आधी जुनी पिशवी तिच्यापुढे धरली. तिने हुंगलं आणि खांदे उडवले. "चुना हाय नुसता." मग नवी उघडली. तिने नाक जवळ नेलं, आणि डोकं झटकन मागे आलं. "अय्यो! शी शी!" डोळ्यांत पाणी, नाक पार मुरडलेलं. मी तिच्या त्या मुरडलेल्या नाकाकडे बघत राहिलो, तिला चमत्कारिक वाटेल इतका वेळ. तिने पदराने डोळे पुसले. "चांगली हाय न्हवं?" म्हणाली. मी म्हणालो, "चांगली आहे."

तरी कप मांडले, या वेळी कट्ट्यावर, उघड्यावर. अर्धा तास कस्तुरी पोरीला घेऊन शेजारी बसली होती, आणि पोरगी खेळत होती, तिसऱ्यांदा काही झालं नव्हतं. दुसरा कप निळा झाला तेव्हा कस्तुरी म्हणाली, "शाईगत झालं की वो!" दोरी सोडून विहीर पुन्हा मोजली. पाणी खाली गेलं होतं, दोन मीटर साठ. अकरा हजार सातशे छप्पन्न लिटर. पुस्तकाच्या प्रमाणाने एकोणतीस ग्रॅम. कपाच्या प्रमाणाने, दुसरा कप म्हणून दोन दुणे चार ग्रॅम चारशे पंचावन्न लिटरला, तर एवढ्याला एकशे तीन. पुस्तक एकोणतीस म्हणत होतं, पाणी एकशे तीन म्हणत होतं. मी पाण्याचं ऐकलं. बादलीत पावडर कालवली, चुना तळाला बसू दिला, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेतली, ती दोरीने खाली सोडून पाण्याच्या आत हिसके देऊन देऊन ढवळली. खांदे भरून आले. कस्तुरीला सांगितलं, तासभर नळ सोडायचा नाही, त्यानंतरही आज पोरीला उकळूनच द्यायचं.

तास होऊन गेल्यावर मी नळावर हात धुवायला लागलो. धुतले, पुन्हा धुतले. किती धुवायचे ते मला कळेना. कोपरापर्यंत धुतले. कस्तुरी कळशी घेऊन मागे उभी होती. "अण्णा, किती धुताय वो, पाणी संपंल की!" मी हात तिच्यापुढे धरले, दोन्ही, तळवे वर करून. म्हणालो, "बघ गं, गेला का वास?"

ती वाकली आणि तिचं नाक मुरडलं. "न्हाई वो. लै येतोय अजून."

मी नळ बंद केला. हात तसेच घेऊन वर गेलो, आणि कुलूप काढायच्या आधी दारातच थोडा वेळ थांबलो.